विश्वस्तनिधीचा तंटा कोणत्या न्यायालयात?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या उपदेशाशी आमचा विरोध नाही. परंतु पायरी चढणे ज्याला अटळ झाले, त्याने निदान कोणत्या न्यायालयाची पायरी चढावयाची हे तरी आधी जाणून घ्यावे, एवढेच सांगण्यासाठी आज आम्ही आपणापुढे उभे आहोत. चुकीच्या न्यायालयात दाखल झालेला दावा पुष्कळदा वर्षे-दोन वर्षे चालतो आणि मग अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर परत येतो. तेवढ्या काळात घर पडते, भाडे बुडते आणि भावाभावांतील बोलणे बंद होते.

हा विषय आपल्या समाजात आज निकडीचा झाला आहे. पूर्वी मालमत्ता म्हणजे वडिलोपार्जित वाडा आणि चार एकर शेती. आज आपल्या कुटुंबांत कारखाने आहेत, दवाखाने आहेत, बँकेची मोठी कर्जे आहेत आणि मुलेबाळे परदेशी आहेत. धंद्यात खोट आली तर राहते घर तरी वाचावे या हेतूने पुष्कळ गृहस्थ आपली मिळकत ट्रस्टच्या, म्हणजे न्यासाच्या, नावे करू लागले आहेत. हेतू समजण्यासारखा आहे. पण न्यासपत्र झाले म्हणजे मिळकत न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेली, ही जी समजूत पसरली आहे, ती निखालस चुकीची होय. न्यास केल्याने तंटा टळत नाही. फार तर त्याचे न्यायालय बदलते.

न्यास म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एकाने आपली मिळकत दुसऱ्याच्या हाती, तिसऱ्याच्या हितासाठी सोपवावयाची. देणारा तो न्यासकर्ता, सांभाळणारा तो विश्वस्त आणि ज्याच्यासाठी सांभाळावयाचे तो लाभार्थी. स्थावर मिळकतीचा खासगी न्यास करावयाचा तर लेखी, सहीचे आणि नोंदलेले न्यासपत्र हवे, नाहीतर मृत्युपत्र हवे, असे १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम सांगतो. ज्या न्यासाचा हेतूच बेकायदेशीर किंवा कपटाचा, तो न्यास त्याच अधिनियमान्वये निरर्थक ठरतो. हे शेवटचे वाक्य आपण ध्यानात ठेवावे. पुढील पुष्कळसे विवेचन त्याभोवती फिरणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यासाचा तंटा कोठे चालेल, हे तीन गोष्टींवरून ठरते. न्यास खासगी की सार्वजनिक, ही पहिली. मिळकत कोठे आहे, ही दुसरी. आणि तक्रार कोण करतो, ही तिसरी. न्यासपत्रात लिहिणाऱ्याने काय लिहिले आहे, याला या तिहींच्या नंतर स्थान आहे.

पहिली गोष्ट. लाभार्थी जर ठराविक, नावानिशी मोजता येण्याजोग्या व्यक्ती असतील, म्हणजे ‘माझे दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांची संतती’ अशा असतील, तर न्यास खासगी. लाभ जर सर्व जनतेला किंवा तिच्या अशा एखाद्या वर्गाला असेल की ज्यातील माणसे मोजून दाखविता येत नाहीत, तर न्यास सार्वजनिक. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या निवाड्यात स्पष्ट केला. उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यात एका निपुत्रिक गृहस्थाने ठाकुरद्वारा बांधला होता. तो घराण्याचा खासगी की सर्वांचा, असा वाद होता. मूर्ती राहत्या घरात नसून त्याच कामासाठी बांधलेल्या स्वतंत्र इमारतीत कायमची प्रतिष्ठापिलेली होती आणि पूजेसाठी पुजारी नेमलेला होता, या गोष्टी पाहून न्यायालयाने देवालय सार्वजनिक ठरविले. देव हा खरा लाभार्थी नव्हे, खरे लाभार्थी ते भाविक, हे त्या निर्णयाचे मर्म होय. आपल्या महाल-इतवारीतील जुन्या वाड्यांत देवघरे आहेत, काहींत गावाला मोकळी असलेली देवळेही आहेत. त्या घराण्यांनी हा निवाडा समजून घेण्यासारखा आहे. एकाच वाड्यात देवघर खासगी आणि देऊळ सार्वजनिक असू शकते, आणि मग दोहोंच्या तंट्याची न्यायालयेही निराळी होतात.

न्यास सार्वजनिक ठरला की महाराष्ट्रात वाट धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे जाते. येथे आपल्या नागपूरचा इतिहास थोडा सांगणे भाग आहे, कारण जुनी दप्तरे उघडली की आपल्या लोकांचा गोंधळ होतो. मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर असताना १९५१ साली त्या राज्याचा सार्वजनिक न्यास कायदा झाला. त्याखाली जिल्हाधिकारी हेच न्यासांचे निबंधक असत आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध सहा महिन्यांत दिवाणी दावा लावता येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, १९३६ साली स्थापन झालेले नागपूरचे उच्च न्यायालय संपुष्टात आले आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. पुढे एकीकरणाचा कायदा होऊन १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम विदर्भालाही लागू झाला. २०१२ साली त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. म्हणून आजोबांच्या पेटीत ‘रजिस्ट्रार’ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद सापडला, तरी आज दाद तेथे मागावयाची नाही. आज ती नागपुरातील धर्मादाय कार्यालयातच मागावी लागते.

या अधिनियमाचे ७९ आणि ८० हे दोन कलम प्रत्येक विश्वस्ताने वाचावेत. न्यास अस्तित्वात आहे की नाही, तो सार्वजनिक आहे की नाही, अमुक मिळकत त्याची आहे की नाही, हे प्रश्न धर्मादाय उपायुक्त अगर सहायक आयुक्त यांनी ठरवावयाचे आहेत. जे प्रश्न या अधिकाऱ्यांवर सोपविले आहेत आणि ज्यांवरील त्यांचा निर्णय कायद्याने अंतिम केला आहे, त्यांत दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. २००५ साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच बांध पक्का केला. वाद एका चर्च-संस्थेच्या गुजरातेतील मिळकतीचा होता, पण तेथे लागू असलेला कायदा हाच असल्याने तो निर्णय आपणालाही तितकाच लागू पडतो. मात्र याचा अर्थ दिवाणी न्यायालयाचे दार सर्वस्वी बंद झाले असा नव्हे. भाडेकरू भाडे देत नाही किंवा शेजाऱ्याने संस्थेच्या जागेत भिंत घातली, असे तंटे त्या अधिकाऱ्यांवर सोपविलेले नाहीत. ते आपापल्या नेहमीच्या न्यायालयातच चालतात.

मंडळाची मालमत्ता या कक्षेत येते काय, असे आपण विचाराल. एका ज्ञातीपुरती संस्था सार्वजनिक कशी, अशी शंका पूर्वी घेतली जात असे. १९७१ साली अहमदाबादच्या राणा ज्ञातिमंडळाच्या आयकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्ञाती हा जनतेचाच एक वर्ग होय आणि त्याच्या कल्याणाचे काम धर्मादाय ठरू शकते. निवाडा कराचा असला, तरी त्यातील तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे. आपले वसतिगृह, मंगल कार्यालय, शिष्यवृत्तीचा निधी यांवर कोणाही एका घराण्याची मालकी नाही. त्यामुळे कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदलाची नोंद द्यावी लागते, आणि जागा विकावयाची, गहाण टाकावयाची किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. सभेने एकमताने ठराव केला म्हणून मंजुरीची गरज उरत नाही, असे समजू नये.

ज्ञातीच्या आणखी एका गोष्टीचा खुलासा येथेच करतो. मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनाने निव्वळ ज्ञातीच्या प्रश्नांत न्यायालयांनी पडू नये असा निर्बंध घातला होता, आणि ‘ज्ञातीचा तंटा ज्ञातीत’ ही म्हण त्या वातावरणात रुजली. परंतु मालमत्तेचा हक्क आला की तो प्रश्न ज्ञातीचा राहत नाही, दिवाणी स्वरूपाचा होतो. न्यायालयात गेला म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, हा तर आज महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पंचांनी समेट घडवावा, त्याला कोणाची हरकत नाही. पंचांनी दार अडवू नये.

आता खासगी न्यासाकडे येऊ. लाभार्थ्याला हिशेब मिळत नाही, विश्वस्ताने जागा आपल्या मेहुण्याला कमी किमतीत दिली, विश्वस्त वारला आणि दुसरा नेमावयाचा आहे, असे हे तंटे. विश्वस्ताला कारभारात शंका आली तर दावा न लावता अर्जाने न्यायालयाचा सल्ला घेण्याची सोय न्यास अधिनियमात आहे. तो अर्ज मूळ अधिकाराच्या प्रमुख दिवाणी न्यायालयात करावयाचा. नागपुरात हे न्यायालय म्हणजे जिल्हा न्यायालय. मुंबई शहरात उच्च न्यायालयाला मूळ दिवाणी अधिकार आहे, म्हणून तेथील नातेवाईक आपणाला सहज सांगतात की ‘थेट हायकोर्टात जा’. नागपूर खंडपीठाला तसा मूळ दिवाणी अधिकार नाही. येथे दावा खालूनच चढत जावा लागतो.

मिळकतीचे ठिकाण ही दुसरी गोष्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे स्थावराचा दावा स्थावर जेथे आहे तेथे चालतो. समजा, न्यासाचे घर धंतोलीत आहे आणि संत्र्याची बाग वरुडला आहे. दोन जिल्हे झाले, तरी एकाच वादात दोन्ही आली असतील तर दोहोंपैकी कोणत्याही एका ठिकाणी दावा लावता येतो. केवळ हिशेब मागावयाचा असेल तर विश्वस्त जेथे राहतो तेथेही दाद मागता येते. ‘या न्यासाचे सर्व वाद अमुक शहरातच चालतील’ असे कलम पुष्कळ न्यासपत्रांत असते. कायद्याने ज्या न्यायालयांना अधिकार आहे त्यांपैकी एकाची निवड पक्षकारांनी करणे निराळे आणि ज्याला अधिकारच नाही त्याला तो बहाल करणे निराळे. दुसरी गोष्ट कोणाच्याही सहीने साधत नाही.

लवादाच्या कलमाचेही तेच. ‘वाद झाल्यास लवादाकडे सोपवावा’ असे लिहून लोक निश्चिंत होतात. मुंबईतील एका कौटुंबिक न्यासाच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, न्यासपत्र हा विश्वस्त व लाभार्थी यांच्यातील करार नव्हे. न्यास अधिनियमाने या वादांसाठी दिवाणी न्यायालय नेमून दिले आहे, म्हणून ते लवादाकडे जाऊ शकत नाहीत. त्या न्यासात लाभार्थी न्यासपत्राच्या वेळी अज्ञान होते, त्यांनी सही केलीच नव्हती. ज्याने सहीच केली नाही त्याला लवादाने बांधावयाचे कसे, हा विचार त्यामागे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि मालमत्ता ‘वाचविण्यासाठी’ केलेले न्यास बहुधा येथेच अडखळतात. तक्रार करणारा लाभार्थी नसून धनको असेल तर? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५३ वे कलम सांगते की, धनकोंना फसविण्याच्या अगर त्यांची वसुली लांबविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण धनकोच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. असा दावा दिवाणी न्यायालयात, सर्व धनकोंच्या वतीने लावावयाचा असतो. दिवाळे निघाले तर १९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी अधिनियमाप्रमाणे मोबदल्याविना केलेले मागील दोन वर्षांतले हस्तांतरणही पुसले जाऊ शकते. ते काम नागपुरात जिल्हा न्यायालय करते. बँकेचे वीस लाख रुपये वा त्याहून अधिक येणे असेल तर वसुली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाते आणि तेही नागपुरातच आहे. कंपनीच्या कर्जाला जो जामीन राहिला, त्याला मात्र १ डिसेंबर २०१९ पासून नादारी संहितेखाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे खेचता येते. मुलाच्या कंपनीला जामीन राहताना वडीलधाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

या संदर्भात आपल्या शहरातीलच एक निवाडा सांगण्यासारखा आहे. नागपूरच्या सदर भागातील आयकर-वसुली अधिकाऱ्याने थकबाकीदाराने दुसऱ्याच्या नावे केलेल्या मिळकतीचे हस्तांतरण आपल्याच अधिकारात निरर्थक म्हणून जाहीर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९८ साली निर्णय लागला की, मिळकत कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या नात्याने आहे एवढे वसुली अधिकाऱ्याने पाहावे. हस्तांतरण कपटाचे म्हणून निरर्थक ठरविणे हे त्याचे काम नव्हे, त्यासाठी खात्याने दिवाणी न्यायालयात दावा लावावा. या निवाड्याचे दोन अर्थ आपण घ्यावेत. प्रामाणिकपणे केलेला न्यास कोणा अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने उडत नाही, हा पहिला. आणि कपटाने केलेला न्यास दिवाणी न्यायाधीशापुढे पुराव्याच्या कसोटीस लागल्यावाचून राहत नाही, हा दुसरा. न्यायालयाचे दार सरकारालाही ठोठवावे लागले, आणि त्यातच नागरिकाचे खरे संरक्षण आहे.

तक्रार करणारी घरातलीच स्त्री असेल तर? कर्त्या पुरुषाने एकत्र कुटुंबाची मिळकत केवळ आपल्या सहीने न्यासात घातली, आणि तीत पत्नीच्या पोटगीची वा मुलींच्या हिश्श्याची वाट लागली, असे प्रसंग घडतात. पोटगीचा हक्क फुकट घेणाऱ्याविरुद्ध बजावता येतो, असे हस्तांतरण अधिनियमाचे ३९ वे कलम सांगते. पती-पत्नीमधील मालमत्तेचा वाद कुटुंब न्यायालयात जातो. मुलगी महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून जन्मतःच सहदायाद आहे. तिचा वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. न्यासपत्र दाखवून तिला परत पाठविता येत नाही, कारण जे वडिलांचे एकट्याचे नव्हतेच ते त्यांना न्यासात देता येत नव्हते. वृद्ध आईबापांनी सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलांनी सांभाळले नाही, तर २००७ च्या कायद्याखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. भगिनीवर्गाने हा परिच्छेद विशेष वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आता परदेशस्थ मंडळींविषयी. दक्षिण पॅसिफिकमधील कुक बेटांनी १९८४ साली आंतरराष्ट्रीय न्यासांचा कायदा केला आणि १९८९ साली तो अशा रीतीने दुरुस्त केला की, परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा तेथील न्यासावर बजावताच येऊ नये. अमेरिकेत अलास्काने १९९७ साली तशा तऱ्हेच्या न्यासांना मुभा दिली. असा न्यास म्हणजे अभेद्य किल्ला, असे त्याचे विक्रेते सांगतात. पण १९९९ साली अमेरिकेतील अपील न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण पाहा. एका दांपत्याने लोकांना फसवून मिळविलेला पैसा कुक बेटांतील न्यासात ठेवला होता. न्यायालयाने पैसा परत आणण्यास सांगितले. ‘तो आता आमच्या हाती नाही’ असे त्यांनी उत्तर दिले. न्यायालयाने अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात धाडले आणि अपिलातही तो हुकूम कायम राहिला. पैसा बेटावर होता, पण माणसे न्यायालयाच्या हाती होती.

आपणाला यातून घ्यावयाचे ते असे. भारतातील जमिनीचा हक्क परदेशी न्यायालयाने ठरविला तरी तो येथे बंधनकारक होत नाही. न्यासांच्या मान्यतेविषयीचा १९८५ चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. ब्रिटन, सिंगापूर यांसारख्या परस्परसंबंध मान्य केलेल्या देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा येथे जिल्हा न्यायालयात सरळ बजावणीस आणता येतो. अमेरिका त्या यादीत नाही, म्हणून तेथील हुकूमनाम्यावर येथे नवा दावा लावावा लागतो. तेव्हा न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने तेथे न्यासपत्र करून त्यात बजाजनगरचे घर घातले, तरी त्या घराचा तंटा नागपुरातच चालणार आहे.

शेवटी मुदतीविषयी दोन शब्द. न्यासाची मिळकत विश्वस्ताने बळकावली असेल तर ती परत मिळविण्याच्या दाव्यास मुदतीची आडकाठी नाही. हे संरक्षण लाभार्थ्याला मुदत कायद्यानेच दिले आहे. परंतु दस्तऐवज रद्द करून घेण्याच्या दाव्याला, वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे आणि काळजीपूर्वक घालविलेला काळ वगळून मिळतो. निष्काळजीपणाने घालविलेला मिळत नाही.

या सर्वांतून मंडळाच्या कुटुंबांना आमचे सांगणे असे आहे. न्यास करावयाचा तर कर्ज डोक्यावर येण्याआधी, स्वतःच्या मिळकतीचा आणि सर्वांच्या देखत करावा. त्यात बायको-मुलींच्या हक्काची स्पष्ट तरतूद करावी. विश्वस्तांत घराबाहेरचा एक तरी निःस्पृह माणूस घ्यावा आणि दरसाल हिशेब लाभार्थ्यांपुढे ठेवावा. देवघर असो की वसतिगृह, ते खासगी की सार्वजनिक हे आजच ठरवून त्याप्रमाणे कागद करावेत. ज्या न्यासाला न्यायालयापुढे उभे राहण्याची भीती वाटत नाही, तोच मालमत्तेचे रक्षण करतो. जो न्यायालयापासून लपण्यासाठी केला, तो कुटुंबाचेही रक्षण करीत नाही आणि अब्रूचेही नाही.

आपल्या पूर्वजांनी पै-पै जमवून ही वास्तू उभी केली आणि ती विश्वासावर आपल्या हाती दिली. विश्वस्त या शब्दातच विश्वास आहे. तो पुढील पिढीच्या हाती अखंड जावा, अशी आमची इच्छा आहे.